दशावताराच्या कॅसेटी संगणकात घेताना : कामाची वही

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

त्रिपुरारी झाली, पाऊस एकदाचा गेला, हवा कोरडी व्हायला लागली. कॅसेटींना हात लावायचा तर आत्ताच. अण्णाकाकांच्या स्टुडिओतल्या लोखंडी पेट्या आज माळ्यावरून खाली उतरवल्या. नव्वदच्या दशकापासून पुढे बरीच वर्षं काका कुडाळच्या आजूबाजूच्या जत्रांत रात्र रात्र उभे राहून दशावतार, म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, कॅमेऱ्यात टिपायचे. लग्नाच्या कॅसेटी ज्याच्या त्याने नेल्या. जत्रेच्या कॅसेटी मागायला कोणी आलं नाही, म्हणून त्या घरात राहिल्या.

पेटीत तीन जाती निघाल्या. सगळ्यात जास्त व्हीएचएस, त्या खालोखाल मिनीडीव्ही, आणि तळाला थोड्या व्हिडिओ-८ च्या लहान कॅसेटी. काही व्हीएचएसच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी. त्या लगेच वेगळ्या पिशवीत भरून दुसऱ्या खोलीत ठेवल्या.

पहिलं काम चालवण्याचं नाही, कुलूप लावण्याचं. प्रत्येक व्हीएचएसच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडली. ती नसली की यंत्र रेकॉर्डिंग घेतच नाही. मिनीडीव्हीवर त्यासाठी सरकतं बटण असतं, ते ‘सेव्ह’कडे ढकललं. घरात लहान मुलं आहेत आणि रेकॉर्डचं बटण लाल असतं, एवढं कारण पुरे.

काकांनी खाटेवरूनच सूचना दिली, "आधी पुरती पुढे फिरवन घे, मगे पाठी घे, आनि मगेच लाव." बरोबर आहे. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप एकदा पूर्ण पुढे-मागे केली की तिचे थर सुटे होतात आणि चालताना ती अडखळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

संगणक. लोक इथूनच सुरुवात करतात आणि सगळा पैसा इथेच घालतात. माझं मत उलटं आहे : या कामात संगणक शेवटचा. चित्राचं भलंबुरं व्हीसीआर, वायर आणि कॅप्चरच्या डबीत (टेपवरचं चित्र संगणकात आणणारं छोटं यंत्र) ठरतं. तिथे गेलेला तपशील कितीही महागड्या ग्राफिक कार्डाने परत येत नाही.

म्हणून घरातलाच जुना डेस्कटॉप घेतला. चौथ्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम. विंडोज ११ याच्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबरला संपवला, त्यामुळे शेजारपाजारचे याला भंगार म्हणायला लागले होते. मला मात्र हाच हवा होता, कारण याच्या मदरबोर्डवर कार्ड बसवायला मोकळे स्लॉट आहेत. लॅपटॉपला ते कुठून आणणार?

दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवल्या. विंडोज १० व्हीएचएससाठी आणि लिनक्स मिंट मिनीडीव्ही व एडिटिंगसाठी. विंडोज चालू असताना नेटची केबल काढलेली. कॅप्चरच्या मधोमध अपडेट किंवा अँटिव्हायरस जागा झाला की फ्रेम गळतात, आणि तसंही आधार संपलेली सिस्टिम नेटवर कशाला न्यायची?

डिस्कचा हिशेब आधीच मांडून ठेवतो. पाल पद्धतीचं (आपल्याकडच्या टीव्हीचं) चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. अजिबात न दाबता घेतलं तर सेकंदाला जवळपास २१ एमबी, म्हणजे तासाला ७५ जीबी. हफवाययूव्हीसारखा काहीही न गमावता दाबणारा कोडेक वापरला की ते निम्म्यावर येतं. मिनीडीव्ही तर मुळातच दाबलेलं असतं, तासाला सुमारे १३ जीबी. एका रात्रीचा दशावतार व्हीएचएसवरून घ्यायचा तर दीडशे-दोनशे जीबी मोकळी जागा हवी. सिस्टिम एसएसडीवर, कॅप्चर वेगळ्या ४ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर. सेकंदाला दहा-वीस एमबी लिहायला साधी डिस्क पुष्कळ झाली. अट एकच, त्या वेळी तिला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. आणि फॉरमॅट एनटीएफएस. जुन्या पेन ड्राइव्हसारखं फॅट-३२ ठेवलं तर ४ जीबीपलीकडे एक फाइल जात नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फायरवायरचं, म्हणजे मिनीडीव्ही कॅमेरा संगणकाला जोडायच्या जुन्या पोर्टाचं, कार्ड आलं. चुलतभावाने लॅमिंग्टन रोडवर हिंडून मिळवलं. मी एकच सांगितलं होतं : वर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असली पाहिजे. दुसऱ्या चिपाही चालतात, पण जुने कॅमेरे हिच्याशी जास्त बरे नांदतात.

फायरवायरच का, हे घरात सगळ्यांना समजावून झालं. मिनीडीव्हीच्या टेपवर चित्र आकड्यांतच लिहिलेलं असतं. ते कॅप्चर करायचं नसतं, फाइल कॉपी करावी तसं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं असतं. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीतून घेतलं तर कॅमेरा आधी त्याचं ॲनालॉग करतो आणि संगणक पुन्हा डिजिटल. दोनदा भाषांतर. काकांच्या कॅमेऱ्याला यूएसबी आहे, पण ती फोटो काढून घेण्यापुरती, आणि तिच्यातून व्हिडिओ आला तरी बारीक चौकटीचा.

ही वाट फार दिवस उघडी राहणार नाही. ॲपलने यंदाच्या मॅकओएस टाहोमधून फायरवायर काढून टाकलं. लिनक्समध्ये सांभाळणाऱ्याने ते २०२९ पर्यंत सांभाळायचं ठरवलंय. ज्यांच्या कपाटात मिनीडीव्ही पडून आहेत त्यांनी हे साल भिंतीवर लिहून ठेवावं.

जोडताना एक पथ्य : कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद करून मगच वायर लावायची. संगणकाकडच्या सहा पिनांच्या सॉकेटमध्ये वीज असते. ती तिरकी घुसली तर कॅमेऱ्याचा पोर्ट जातो, आणि त्या पोर्टाला आता सुटा भाग मिळत नाही. कॅमेऱ्याकडचं टोक चार पिनांचं, त्यात वीज नसते. तरी सवय हीच बरी.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली मिनीडीव्ही उतरली. लिनक्सवर डीव्हीग्रॅब नावाची छोटी आज्ञावली आहे. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, एका ओळीत काम. टेप चालू होते आणि जिथे जिथे काकांनी कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला तिथे ती आपोआप नवी फाइल करते आणि नावात त्या क्षणाची तारीख-वेळ घालते. ही तारीख चित्रावर दिसत नाही, डीव्हीच्या प्रवाहात गुपचूप लिहिलेली असते. एका कॅसेटीच्या खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं. फाइलीचं नाव सांगतं : डिसेंबर २००४, पहाटे तीन वाजून गेलेले. काकांना दाखवल्यावर गाव कुठलं ते त्यांनी मांडवाच्या खांबावरून ओळखलं.

काही कॅसेटींवर मात्र सगळंच १ जानेवारीचं आहे. कॅमेऱ्यातली घड्याळाची बॅटरी गेली होती तो काळ.

आवाजाकडे नीट बघायला लागतं. कॅमेऱ्यात दोन पर्याय असतात, १२ बिट ३२ किलोहर्ट्झ आणि १६ बिट ४८ किलोहर्ट्झ. बरेच कॅमेरे दुकानातून पहिल्याच पर्यायावर लावून यायचे. एकाच कॅसेटीत दोन्ही आले तर सलग एक फाइल करू नये, जोडावर आवाज बिघडतो. तुकडे तुकडेच राहू द्यावेत.

लाँग प्लेवर घेतलेल्या कॅसेटी (साठ मिनिटांच्या टेपवर नव्वद) फक्त त्याच कॅमेऱ्यात धड चालतात ज्याने त्या रेकॉर्ड केल्या. आपल्याकडे तोच कॅमेरा आहे, ही काकांची पुण्याई. त्यांनी तो विकला नाही. बॅटरी मेली आहे, ॲडॅप्टरवर चालतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

व्हीसीआर. जगात नवीन व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आता जे आहे ते जुनंच. काकांचं यंत्र अडगळीत होतं. चालू केल्यावर टेप ओढेना. सावंतवाडीच्या एका टीव्ही मेकॅनिककडे नेलं. त्यांनी झाकण उघडलं आणि न विचारताच निदान केलं : बेल्ट ढिला, रबरी रोलर दगडासारखा.

उघडं यंत्र समोर असताना काय चालतं ते बघून घेतलं. मधलं चकचकीत ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचं, जरासं तिरकं बसवलेलं. टेप त्याच्याभोवती अर्धा वेढा घेते आणि सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. ड्रम मात्र सेकंदाला पंचवीस फेऱ्या मारतं. त्याच्या कडेला मोहरीहून लहान अशी दोन हेडं. प्रत्येक हेड टेपवर एक तिरकी रेघ वाचतं, आणि त्या एका रेघेत अर्धं चित्र असतं, एकाआड एक ओळींचं. दुसरं हेड उरलेल्या ओळी आणतं. रबर घट्ट झालं की टेपचा वेग डगमगतो आणि सगळ्या ओळी डावी-उजवीकडे थरथरतात. चित्रातला हा थरकाप पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने समाधानकारक जात नाही, म्हणून मेकॅनिकचे पैसे हा या प्रकल्पातला सगळ्यात कारणी लागलेला खर्च.

हेड साफ करायला मेकॅनिक शॅमॉयचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमवर स्थिर धरतात आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवतात. वरखाली घासायचं नाही, हेड तुटतं. कानाचा कापूस तर नाहीच. व्हिडिओ पार्लरच्या काळात कोरी नोट फिरवायचे, ती आठवण त्यांनी हसत सांगितली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज जत्रा. काम बंद. रात्री मोबाइल वर धरून शूटिंग करणारी पोरं बघितली. सगळी उभी चित्रं. रंगमंच आडवा असतो रे बाबांनो.

३० नोव्हेंबर, रविवार

व्हीएचएसचं पहिलं खरं कॅप्चर. यूएसबीची डबी, पिवळ्या वायरीतून चित्र, पांढरीतून आवाज. या डब्या बाहेरून सारख्या दिसतात आणि आत वेगवेगळ्या चिपा निघतात. विकत घेताना चिपचं नाव विचारावं, कंपनीचं नव्हे. सॉफ्टवेअर व्हर्च्युअलडब. दिसायला जुनाट, पण किती फ्रेम गळल्या आणि किती घुसवल्या ते कडेला सतत दाखवतं. मला तेवढंच हवंय.

आधी घरघर. स्पीकरमधून ५० हर्ट्झचा जाड सूर, तो कॅप्चरमध्येही उतरत होता. व्हीसीआर एका भिंतीच्या प्लगवर, संगणक दुसऱ्या, शिवाय केबल टीव्हीची वायर व्हीसीआरला मागे अजून लटकलेली. ती काढली, दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणली. सूर गेला. बोर्ड यूपीएसवर घेतला, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि टेप ड्रमभोवती गुंडाळलेली असताना वीज गेलेली मला नको.

मग उजेडाच्या पातळ्या. यासाठी संकासूर इतका कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, हा राक्षस येतो तेव्हा अंगभर काळा, तोंडावरही काळं, बाहेर लोंबणारी लाल जीभ. मागे पडदा गडद, वर एक हॅलोजन, तोही एका बाजूने. डबीच्या मूळ सेटिंगवर घेतलं तर संकासूर नुसता भोकासारखा दिसतो. कापडाच्या चुण्या नाहीत, हात कुठे संपतो कळत नाही. ब्राइटनेस थोडी वर, कॉन्ट्रास्ट थोडा खाली केला. व्हर्च्युअलडबचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) लावून ठेवला की डावी-उजवीकडची टोकं लाल होतात ती लगेच दिसतात. चुण्या परत आल्या. त्या टेपवर होत्याच, डबी त्या कापत होती. त्याच वेळी समोर भटजींचं पांढरं धोतर जळता कामा नये, म्हणून वरचं टोकही सांभाळलं. चित्र आता फिकं, धुवट दिसतं. दिसू दे. काळं गडद नंतर करता येतं, कापलेलं काळं परत येत नाही.

जिभेची गंमत वेगळीच. लाल रंग तोंडापासून उजवीकडे सरकलेला आणि कडेला पसरलेला. व्हीएचएसमध्ये रंगाला फार थोडी जागा दिलेली असते. उजेडाचे तपशील आडवे २४० ओळींपर्यंत जातात, रंगाचे त्याच्या पाव भागाहूनही कमी. लाल तर सगळ्यात जास्त पसरतो. सरकलेपण दुरुस्त होईल, पसरलेपण राहील.

७ डिसेंबर, रविवार

जुन्या काही कॅसेटींत चित्राचा वरचा काठ एका बाजूला वाकतो, पताकेसारखा. टीव्हीवर तो चौकटीमागे लपायचा, संगणकावर उघडा पडतो. यावरचा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. प्रत्येक ओळ क्षणभर साठवून वेळेवर सोडणारं यंत्र. स्टुडिओचा टीबीसी परवडणारा नाही. पुण्याच्या मेव्हण्याकडे पॅनासॉनिकचा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून होता, डिस्कचा खण मेलेला. खण नको आहे. व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला, त्याच्या आउटपुटची वायर डबीला, बस्स. आत असलेली मेमरी ओळी सरळ करते. काठ सरळ झाला, गळणाऱ्या फ्रेमही जवळपास थांबल्या.

शिवाय रेकॉर्डर ते डबी एस-व्हिडिओने जोडता येतं. मेन्यूत जाऊन त्याचं स्वतःचं नॉइज रिडक्शन बंद केलं. रात्रीच्या चित्रात दाणे असणारच. ते पुसताना पात्रांच्या चेहऱ्यावरची रंगरेषा पण पुसली जाते.

१३ डिसेंबर, शनिवार

एक कॅसेट चालेना. चित्र गडगडत खाली जातं. कोणाच्या तरी न्यू जर्सीच्या पाहुण्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेऊन काकांना भेट दिलेली. अमेरिकेची म्हणजे एनटीएससी : ५२५ ओळी, सेकंदाला ३० च्या जरा आत फ्रेम. काकांच्या व्हीसीआरवर ‘एनटीएससी ऑन पाल टीव्ही’ असं छापलंय, पण ते यंत्र खरं एनटीएससी देत नाही. ओळी अमेरिकेच्या आणि रंग पालचा, अशी खिचडी बाहेर पडते. डबी पालवर लावली की चित्र घसरतं, एनटीएससीवर लावली की स्थिर पण काळंपांढरं. यादीत खाली ‘पाल-६०’ सापडलं. ते निवडल्यावर रंग आला. हा पर्याय प्रत्येक डबीत नसतो.

पाहुण्याने बघायला आलेल्या बायाबापड्या, खाजाची दुकानं, पेटाऱ्यातून वेश काढणारे कलाकार हेच जास्त घेतलंय. काकांनी हे कधीच घेतलं नव्हतं. त्यांच्या लेखी शूटिंग म्हणजे रंगमंच.

२० डिसेंबर, शनिवार

बुरशीच्या कॅसेटी. या चांगल्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालायच्या नाहीत. भुकटी हेडावर बसते आणि तिथून पुढच्या निरोगी कॅसेटीवर जाते. मेकॅनिककडून भंगारातला एक व्हीसीआर आणला, ज्याचं चित्र गेलंय पण टेप फिरते.

अंगणात, वाऱ्याच्या पाठीला, मास्क लावून. कॅसेट उलटी करून पाच स्क्रू काढले. दोन रिळं, मधून जाणारी टेप, बारीक स्प्रिंग (ती उडते, ताटात उघडावी). बुरशी बहुतेक टेपच्या गठ्ठ्याच्या कडेवर असते, चित्राच्या बाजूवर कमी. कोरड्या मऊ ब्रशने कडा झाडल्या. मग भंगार यंत्राचं झाकण काढून, टेप हळू फिरवली आणि वाटेत आयसोप्रोपिलने ओलसर केलेलं न धागे सुटणारं कापड अलगद धरलं. कापड दर थोड्या वेळाने करडं होतं, बदलायचं. शेवटी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात.

एक टेप थराला थर चिकटलेली निघाली. तिला ओढलं नाही. तशीच ठेवली.

कोकणात कॅसेट लोखंडी पेटीत, माळ्यावर, कौलाखाली ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. पण ठेवणार कुठे? सगळ्यांची हीच गत.

२८ डिसेंबर, रविवार

एडिटिंग सुरू. केडेनलाइव्ह, फुकट आणि या संगणकाला झेपतं. दाविंची रिझॉल्व्ह मोठं नाव, पण त्याला ताकदवान ग्राफिक कार्ड लागतं आणि लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत एच.२६४ उघडत नाही. मला रंगांची कसरत करायची नाही, मला चार तास सरळ लावायचे आहेत.

काय कापायचं यावर धाकट्या भावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, आजकाल चार तास कोण बघतं, दहा मिनिटांचं कर. मी कापणार नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरलेला आणि संवाद रंगमंचावरच सुचलेले. राजपार्टी (राजाची भूमिका करणारा) आणि स्त्रीपार्टीची (स्त्रीभूमिका करणारा) जुगलबंदी लांबते, फसते, पुन्हा उठते. कापलं की उरतात फक्त टाळ्या. ज्याला दहा मिनिटं हवीत त्याच्यासाठी खुणा ठेवल्या : धुमाळी, गणपती, रिद्धीसिद्धी, संकासूर, आख्यान, युद्ध, दहीकाला.

जिथे काकांची कॅसेट संपून दुसरी लागली तिथे मधली मिनिटं गेलेली आहेत. तिथे गुळगुळीत विरघळवणी न करता काळा पडदा आणि ‘येथे कॅसेट बदलली’ एवढी ओळ. अक्षरं मुक्ता फाँटमध्ये, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा, जोडाक्षरं तुटत नाहीत. काकांच्या जमान्यातल्या टायटल यंत्रात ‘दशावतारी’ पण इंग्रजीत यायचं, बदामाच्या आकारात.

चित्राच्या अगदी तळाशी आठ-दहा ओळी फाटक्या दिसतात. एका हेडाकडून दुसऱ्याकडे सूत्रं जातात ती जागा. ती कापून चित्र ताणायचं नाही, त्या ओळींवर काळी पट्टी ठेवायची, म्हणजे माणसांचे आकार बिघडत नाहीत.

३ जानेवारी २०२६, शनिवार

आज फक्त एक गिरकी. स्त्रीपार्टी पायपेटीच्या सुरावर फिरते आणि संगणकावर तिच्या हातांना फणीचे दात येतात. अर्ध्या अर्ध्या ओळींची दोन चित्रं एका फ्रेममध्ये कोंबलेली. त्यांच्यात पन्नासावा भाग सेकंदाचं अंतर, तेवढ्यात हात पुढे गेलेला. दात घालवायची सोपी रीत म्हणजे अर्ध्या ओळी फेकून द्यायच्या. ती केडेनलाइव्ह एका क्लिकमध्ये करतं. पण मग सेकंदाला पंचवीसच चित्रं उरतात आणि गिरकी झटके देते. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधल्या बीडब्ल्यूडीआयएफ गाळणीने प्रत्येक अर्ध्याचं पूर्ण चित्र केलं, पन्नास फ्रेम झाल्या. गिरकी पुन्हा गिरकी झाली. क्यूटीजीएमसी ही दुसरी गाळणी याहून सुरेख आहे, पण या यंत्रावर एका रात्रीच्या खेळाला दिवसरात्र घेईल.

लक्षात ठेवायचं : डबीतून घेतलेल्या व्हीएचएसमध्ये वरची ओळ आधी, डीव्हीमध्ये खालची आधी. उलट सांगितलं तर माणूस दोन पावलं पुढे एक मागे असा थरथरतो.

पन्नास फ्रेम ठेवून यूट्यूबवर द्यायचं तर ७२० पी किंवा वरच द्यावं लागतं, खाली दिलं की तेच पंचवीस करतात. म्हणून पाहण्याच्या प्रती १४४० बाय १०८० करून बनवल्या. तपशील वाढला असं कोणी समजू नये. त्याच वेळी संकासुराची जीभ रंग सरकवणाऱ्या क्रोमाशिफ्ट गाळणीने थोडी डावीकडे आणली.

१० जानेवारी, शनिवार

आवाज. कॅमेऱ्याचा मायक्रोफोन आपोआप कमी-जास्त होणारा, त्यामुळे पात्र बोलायचं थांबलं की मागचा जनरेटर मोठा होत येतो आणि पखवाजाची थाप पडली की दबतो. "जनरेटर देवळाच्या पाठीच व्हतो, मी काय करतलंय?" काका. खालचा घुमारा थोडा कापला. नॉइज काढायच्या फिल्टरने झांजेचा नाद पाण्याखाली गेल्यासारखा होतो, तो लावला नाही. जनरेटर राहिला. त्या काळच्या जत्रेचा आवाज तोच होता.

१८ जानेवारी, रविवार

मूळ कॅप्चर हफवाययूव्हीमधून एफएफव्ही१ मध्ये, एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत. हाही काही न गमावणारा. २०२१ मध्ये त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध झालं आणि तो प्रत्येक फ्रेमच्या बरोबर तपासणीचा आकडा लिहितो, कुठे बिघाड झाला तर नेमकी फ्रेम कळते. मिनीडीव्हीला हात लावला नाही, टेपवर होतं तसंच. एडिट केलेली प्रत वेगळी. मूळ फाइल एडिटच्या फोल्डरमध्ये कधीच जात नाही, हा या घरातला नियम.

दोन डिस्क. एक इथे, एक ठाण्याला भावाकडे. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) काढून यादी दोन्हींवर. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, यादी पडताळायची. कॅसेटी टाकलेल्या नाहीत.

नेटवर अजून काही चढवलेलं नाही. ज्या मंडळांचे खेळ आहेत त्यांच्या मालकांना पेन ड्राइव्ह देऊन आलो, आधी त्यांनी बघावं. एका घरी गेलो तर ज्यांनी राजपार्ट केला ते वारलेले. मुलाने विचारलं, बाबांचं एकट्याचं गाणं वेगळं काढून मिळेल का? काढून दिलं. तो स्वतःही आता त्याच मंडळात आहे. वडील अमुक ठिकाणी तान कशी तोडायचे हे त्याला बघायचं होतं; पन्नास फ्रेमवाली प्रत त्याने मागून घेतली.

उरल्या व्हिडिओ-८ च्या. त्यांना सोनीचा डिजिटल-८ कॅमेरा लागेल, तोही जुन्या ॲनालॉग कॅसेटी वाजवणारा. सगळे वाजवत नाहीत. तो मिळाला की टेप फायरवायरनेच उतरवता येतील, कार्ड बसलेलंच आहे. पणजीच्या एका स्टुडिओवाल्याकडे एक आहे म्हणतात. पुढच्या आठवड्यात फोन करायचा.